गॅलन मोजले, माणसं राहिली: आग्वादच्या तुरुंग-संग्रहालयाचं परीक्षण

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये एक असाइनमेंट हमखास असते: एखाद्या पेपरचा क्रिटिकल रिव्ह्यू लिहा. आणि आपल्यापैकी बहुतेक जण काय लिहून देतात? सारांश. लेखकाने हे केलं, मग ते केलं, निष्कर्ष असा निघाला, पेपर उपयुक्त आहे. गाईड विचारतात, "यात क्रिटिकल काय आहे?" मग आपण शेवटी एक ओळ जोडतो, की सॅम्पल साइझ अजून मोठा हवा होता. झालं परीक्षण!

परीक्षण म्हणजे दोष काढणं नाही आणि कौतुक करणंही नाही. समोरचा मजकूर नेमका कोणता दावा करतो, त्यासाठी पुरावा कोणता निवडतो आणि ही निवड कोणत्या निकषावर करतो, हे तपासणं म्हणजे परीक्षण. पेपर घेऊन हे समजावलं की विषय परका असला तर डोकं तिथेच अडकतं. म्हणून आज पेपर नाही, संग्रहालय घेऊया. मी केमिस्ट्रीवाली, इतिहासाची नाही, तरीही हे मुद्दाम करते आहे. पद्धत पक्की असेल तर आपल्या विषयाबाहेरही चार पावलं नीट टाकता येतात, हे तुम्हाला दिसावं म्हणून.

नमुना आहे गोव्यातलं आग्वाद. आधी समुद्रकाठचा किल्ला, मग तुरुंग, आता संग्रहालय. गोवा मुक्तीला साठ वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, म्हणजे १९ डिसेंबर २०२१ ला, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. केंद्राच्या स्वदेश दर्शन योजनेतून २८ कोटींहून जास्त रुपये खर्च झाले. त्या वेळच्या सरकारी निवेदनात उद्देश स्पष्ट दिला होता: गोव्याच्या मुक्तीसाठी लढलेल्या नामवंत स्वातंत्र्यसैनिकांचं योगदान आणि त्याग लोकांसमोर आणायचा.

यातला 'नामवंत' हा शब्द पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा. पुढे लागणार आहे.

आधी किल्ला समजून घेऊ

आग्वाद म्हणजे जहाजांनी गोडं पाणी भरून घ्यायची जागा. पोर्तुगीज भाषेत 'आग्वा' म्हणजे पाणी, त्यावरून हे नाव. मांडवी नदी जिथे समुद्राला मिळते त्या तोंडाशी, बारदेशच्या टोकावर हा किल्ला आहे. बांधकाम १६१२ मध्ये पूर्ण झालं. दगड जांभा. भीती मुख्यतः डच आरमाराची होती, पुढे मराठ्यांचीही.

सोलापूरच्या वाचकाने इथे नकाशा उघडावा. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांनी घेतला तो आदिलशाहीकडून. बारदेशही त्याच राज्यातला, तो १५४३ मध्ये त्यांच्या ताब्यात गेला. आपल्या शेजारचा नळदुर्ग आदिलशाहीतलाच. बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला तो इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, म्हणजे आग्वादही ज्या सुमारास उभा राहत होता त्याच सुमारास. एकीकडे नदीवर बंधारा, दुसरीकडे खडकातलं टाकं. भिंती कितीही जाड असल्या तरी पाणी संपलं की किल्ला पडतो, हे दोन्हीकडच्या बांधणाऱ्यांना पक्कं माहीत होतं.

आग्वादच्या वरच्या भागात ते टाकं आहे आणि १८६४ चं दीपगृह आहे. हा भाग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण सांभाळतं. तुरुंग होता तो खालच्या भागात, पाण्याच्या अगदी कडेला. म्हणजे 'आग्वाद बघून आलो' म्हणणाऱ्या दोघांनी दोन वेगळ्या जागा बघितलेल्या असू शकतात. बहुतेक जण वर जातात, दीपगृहापाशी फोटो काढतात आणि परत फिरतात.

एक आकडा तपासून बघू

आग्वादचं कोणतंही वर्णन उघडा, टाक्याची क्षमता भेटतेच: २३ लाख ७६ हजार गॅलन. आता आपण सायन्सवाले. असा आकडा समोर आला की पुढे जायचं नाही, थांबायचं.

पहिला प्रश्न, गॅलन कोणता? ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ लिटरचा. पहिला धरला तर १ कोटी ८ लाख लिटर होतात, दुसरा धरला तर ९० लाखांच्या आसपास. एकक नीट न लिहिल्यामुळे १८ लाख लिटरचा फरक! भारतात जुन्या कागदपत्रांत साधारणपणे ब्रिटिश गॅलन वापरला जायचा, म्हणून आपण पहिला धरू.

दुसरा प्रश्न, हा आकडा शक्य तरी आहे का? १ कोटी ८ लाख लिटर म्हणजे १०,८०० घनमीटर. सरासरी खोली ५ मीटर धरली तर क्षेत्रफळ २,१६० चौरस मीटर, म्हणजे साधारण ४६ मीटर बाजूचा चौकोन. मोठा आहे, पण किल्ल्यात मावणारा आहे. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचं तर १,०८० टँकर. चार-पाच दिवसांआड नळाची वाट बघणाऱ्या सोलापूरकराला हा हिशेब जास्त लवकर कळेल.

तिसरा प्रश्न, हे टाकं भरत कसं असेल? तिथे झरे होते, ते बाजूला ठेवू. नुसत्या पावसाचा हिशेब करू. किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर, म्हणजे ३ मीटर पाऊस पडतो. १०,८०० ला ३ ने भागलं की ३,६०० चौरस मीटर. साठ बाय साठ मीटरच्या अंगणावर पडलेलं सगळं पाणी आत वळवलं तर एका पावसाळ्यात टाकं भरतं. थोडं वाया जाणार म्हणून ४,५०० चौरस मीटर धरा. तरी अशक्य काही नाही. तेच टाकं आपल्याकडच्या ६०० मिलिमीटर पावसावर भरायचं तर पाचपट अंगण लागेल.

या पाच मिनिटांच्या हिशेबाने आकडा सिद्ध झाला का? नाही. पण तो वेड्यासारखा नाही एवढं कळलं आणि एकक लिहिलेलं नाही ही उणीवही सापडली. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या आकड्याला एवढा वेळ द्यायलाच हवा.

आता मुद्दा असा. पाण्याचा आकडा आपल्याला चार अंकांपर्यंत मिळतो. किल्ल्यावर ७९ तोफा होत्या हेही सहज वाचायला मिळतं. मग याच किल्ल्याच्या तुरुंगात किती माणसं राहिली? किती दिवस? कशासाठी? आग्वादच्या लोकप्रिय वर्णनांत हा आकडा सहसा नसतो. 'अनेक स्वातंत्र्यसैनिक' असं मोघम लिहिलेलं असतं. आपल्या प्रबंधात 'अनेक नमुने तपासले' असं लिहिलं तर गाईड काय म्हणतील? हाच या परीक्षणाचा मूळ प्रश्न आहे.

किल्ल्याचा तुरुंग का होतो आणि त्याचं काय दाखवतात

तोफांचा पल्ला वाढत गेला तशी समुद्रकाठच्या जुन्या किल्ल्यांची लष्करी किंमत उतरत गेली. पण जाड भिंती, एकच दरवाजा, तिन्ही बाजूंनी पाणी हे सगळं शिल्लक राहिलं. बाहेरच्याला आत येऊ न देणारी भिंत आतल्यालाही बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे सत्तेला तयार तुरुंग मिळतो. पुढे तुरुंग म्हणूनही इमारत जुनी झाली की पर्यटन खातं येतं. किल्ला, तुरुंग, संग्रहालय हा क्रम गोव्यापुरता नाही. आग्वादच्या शेजारीच मांडवीकाठी रेईश मागूश आहे. तिथला तुरुंग १९९३ मध्ये बंद झाला आणि दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये तो किल्ला सांस्कृतिक केंद्र म्हणून उघडला.

भूमध्य समुद्रात फ्रान्सच्या मार्सेय बंदरासमोर एका बेटावर शातो दिफ नावाचा किल्ला आहे. सोळाव्या शतकात, १५३१ पर्यंत बांधून झाला, मग शतकानुशतकं तुरुंग होता आणि १८९० मध्ये लोकांसाठी उघडला. तिथे एक कोठडी एडमंड दाँतेसची म्हणून दाखवतात. हा दाँतेस कोण? अलेक्झांडर द्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या कादंबरीचा नायक. म्हणजे जो माणूस कधी जन्मालाच आला नाही, त्याची कोठडी आहे. आणि जे खरोखर तिथे खितपत पडले, त्यांतल्या बहुतेकांचं नावही पर्यटकाला माहीत नसतं.

हसू येतं खरं, पण यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कोठडीवरचं नाव हा पुरावा नसतो. ते नाव कुणीतरी, काही कारणाने निवडलेलं असतं. कारण कादंबरीची लोकप्रियता असू शकतं, राजकारण असू शकतं, किंवा नुसतं एवढंच, की त्या माणसाबद्दल कागद उपलब्ध होते.

आग्वादमध्ये काय बरोबर आहे

परीक्षणात चांगलं काय ते आधी लिहावं, आणि उपकार केल्यासारखं लिहू नये. आग्वादचे लोक कादंबरीच्या वाटेला गेले नाहीत. इमारत पाडून तिथे काहीतरी नवं उभारलं नाही, कोठड्या जिथे होत्या तिथेच राखल्या. तुरुंगाची लांबी-रुंदी, छताची उंची, समुद्राचा आवाज हे कुठल्याही फलकाहून जास्त सांगतं. किनाऱ्यावर मौजमजेसाठी आलेल्या पर्यटकाला हा प्रदेश १९६१ पर्यंत परकीय सत्तेखाली होता, हे तिथे उभं राहून कळतं. सिकेरीच्या त्या पट्ट्यात, खालच्या तटबंदीला लागून १९७० च्या दशकात पंचतारांकित हॉटेल झालं. त्याच किनाऱ्यावर तुरुंगाची आठवण ठेवणारी एक जागा सरकारी खर्चाने उभी राहिली, ही छोटी गोष्ट नाही.

आणि ज्या दोघांच्या कोठड्या तिथे खास दाखवल्या जातात, ते डॉ. राममनोहर लोहिया आणि त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, म्हणजे टी. बी. कुन्हा, ही दोन्ही माणसं खरी आणि मोठी. लोहियांनी १८ जून १९४६ ला मडगावात नागरी स्वातंत्र्याच्या मागणीसाठी सभा घेतली आणि गोव्याच्या लढ्याला नवं वळण मिळालं. कुन्हांनी १९२८ मध्येच गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली होती.

निवडीचा निकष

आता अधोरेखित केलेला शब्द काढा: नामवंत.

लोहिया सप्टेंबर १९४६ च्या अखेरीस परत गोव्यात शिरले, कुळे स्टेशनवर पकडले गेले आणि आग्वादमध्ये ठेवले गेले. तिथे ते होते साधारण दहा दिवस. मग त्यांना हद्दीबाहेर काढून पुन्हा येण्यावर बंदी घातली. कुन्हा १९४६ च्या जुलैमध्ये पकडले गेले. आग्वादच्या कोंदट कोठडीनंतर लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन त्यांना थेट पोर्तुगालला पाठवलं. म्हणजे तुरुंगाच्या दोन खास कोठड्या ज्यांच्या नावे आहेत, त्यांतल्या एकाचा मुक्काम दिवसांत मोजता येतो आणि दुसऱ्याची बरीचशी कैद आग्वादबाहेरची आहे.

यात त्या दोघांचं महत्त्व कमी करायचा प्रश्नच नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. आपल्याला 'तुरुंग' समजून घ्यायचा असेल तर नमुना कोणाचा घ्यायचा? जो प्रसिद्ध आहे त्याचा, की जो तिथे जास्त काळ राहिला त्याचा? प्रसिद्ध कैद्याकडे तुरुंगाधिकारीही जपून बघतो. त्याच्यासाठी बाहेर पत्रं लिहिली जातात, वर्तमानपत्रं ओरडतात. लोहियांसाठी खुद्द गांधीजींनी आवाज उठवला होता. अशा कैद्याच्या अनुभवावरून इतरांच्या अनुभवाचा अंदाज बांधणं म्हणजे विद्यापीठातल्या टॉपरला विचारून विद्यापीठाचा निकाल ठरवण्यासारखं आहे. आपल्या भाषेत, सिलेक्शन बायस.

खेड्यातून पत्रकं वाटताना पकडलेला पोरगा, सत्याग्रहात आलेली बाई, रात्रभर मार खाऊन सकाळी सोडून दिलेला शेतकरी यांच्या नावे कोठडी नसते. १९५५ च्या सत्याग्रहात महाराष्ट्रातून तुकड्याच्या तुकड्या सरहद्द ओलांडून गेल्या, त्या वर्षी १५ ऑगस्टला पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्या वर्षांत कितीतरी साध्या माणसांनी गोव्यातल्या वेगवेगळ्या कोठड्या बघितल्या. 'नामवंत' हा निकष लावला की ही सगळी माणसं आपोआप 'अनेक' या शब्दात जाऊन बसतात.

१९६१ ची रेघ

दुसरा प्रश्न काळाचा. संग्रहालयाच्या उद्देशात गोष्ट मुक्तीपर्यंत येते. किल्ला बांधला, तुरुंग झाला, देशभक्तांनी सोसलं, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. ऐकायला नीट गोष्ट आहे. पण ही रेघ दोन्ही बाजूंनी गळते.

आधी मुक्तीचाच दिवस घ्या. आग्वादमध्ये त्या दिवशीही कैदी होते. त्यांना सोडवायला गेलेल्या भारतीय तुकडीवर गोळीबार झाला आणि मेजर शिवदेव सिंग सिद्धू व कॅप्टन विनोद सहगल हे दोन अधिकारी तिथे मारले गेले. तुरुंगाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा दिवस, आणि त्यातली मुख्य माणसं कैदी नव्हती, सैनिक होती.

मग मोहन रानडे. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे. शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडले. बेती आग्वादहून फार लांब नाही. २६ वर्षांची शिक्षा झाली, एकांतवास झाला, पुढे त्यांना पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात नेलं. सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये! म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षं उलटून गेली तरी गोव्याच्या लढ्यातला हा कैदी आत होता. त्यांचं 'सतीचे वाण' हे आत्मकथन मराठीत आहे. पोर्तुगीज न येणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्राथमिक स्रोत थेट वाचता येतो, हे लक्षात ठेवा. रानडे २०१९ मध्ये गेले, संग्रहालय उघडायच्या दोन वर्षं आधी.

आणि रेघेच्या अलीकडची बाजू. मुक्तीनंतर आग्वादचा तुरुंग बंद झाला नाही. तो गोव्याचा मध्यवर्ती कारागृह म्हणून चालत राहिला आणि २०१५ मध्ये कैदी कोलवाळच्या नव्या तुरुंगात हलवले तेव्हा रिकामा झाला. १९६१ ते २०१५ ही ५४ वर्षं. आता साधी वजाबाकी करू. सालाझार पोर्तुगालचा पंतप्रधान झाला १९३२ मध्ये. त्याच्या राजवटीचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा प्रत्येक दिवस आग्वादच्या खात्यात मांडला, तरी १९६१ पर्यंत २९ वर्षं होतात. ही वरची मर्यादा, यापेक्षा जास्त शक्य नाही. म्हणजे सालाझारच्या तुरुंगापेक्षा स्वतंत्र भारताचा तुरुंग म्हणून आग्वाद जवळजवळ दुप्पट काळ चालला.

ज्या संग्रहालयाच्या नावातच तुरुंग आहे, त्याच्या जाहीर उद्देशात या ५४ वर्षांचा उल्लेख नाही. डेटाच्या भाषेत, आलेखाचा मोठा तुकडा कापून उरलेल्यावर रेषा काढली आहे. कापायला हरकत नसते, पण कापलं हे लिहावं लागतं.

दुसऱ्या एका किल्ल्याने काय केलं

कुन्हांना पोर्तुगालमध्ये ठेवलं ते पेनिशच्या किल्ल्यात. हाही समुद्रकाठचा, अटलांटिकच्या लाटा खाणारा. १९३४ पासून तिथे राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. कुन्हांबरोबर पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. रामा हेगडे आणि जुझे इनासियु लोयोला यांनाही तिथे पाठवलं होतं. जानेवारी १९६० मध्ये आल्वारु कुन्याल आणि त्यांचे सहकारी याच किल्ल्यातून पळाले, ती पोर्तुगालमधली गाजलेली तुरुंगफोड. हुकूमशाही कोसळल्यावर २७ एप्रिल १९७४ ला पेनिशचे कैदी सुटले.

२०१६ मध्ये पोर्तुगाल सरकारने जुन्या वास्तू हॉटेलांसाठी देण्याची योजना आणली, त्यात पेनिशचंही नाव होतं. माजी कैदी आणि नागरिकांनी जोरदार विरोध केला. किल्ला यादीतून निघाला, राष्ट्रीय संग्रहालय करायचं ठरलं आणि ते २७ एप्रिल २०२४ ला, सुटकेला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी उघडलं. त्याआधीच तिथे एक स्मारक उभं राहिलं होतं, त्यावर अडीच हजारांच्या पुढे राजकीय कैद्यांची नावं कोरलेली आहेत. पुढारीही त्यात, मच्छीमारही त्यात, एका रांगेत.

नावांची यादी म्हणजे इतिहास नव्हे, हे मान्य. पण यादी करायची म्हटलं की काही कामं टाळताच येत नाहीत. तुरुंगाच्या नोंदवह्या शोधाव्या लागतात, नावांची स्पेलिंगं जुळवावी लागतात, एकच माणूस दोनदा मोजला गेला का बघावं लागतं, कोण 'राजकीय' आणि कोण नाही याची व्याख्या लिहावी लागते. म्हणजे संशोधन करावं लागतं. आपल्याकडेही हे झालेलं आहे. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये राजबंद्यांची नावं प्रांतवार संगमरवरावर आहेत. गर्दी एकाच कोठडीसमोर होते ती गोष्ट वेगळी, पण ज्याला आपल्या गावचं नाव शोधायचं आहे त्याला ते शोधता येतं.

आग्वादच्या बाजूने काय म्हणता येईल

चांगल्या परीक्षणात समोरच्याचं उत्तरही आपणच मांडावं, आणि ते लेचंपेचं मांडू नये.

पहिलं उत्तर: पेनिश हा मुख्यतः राजकीय तुरुंग, म्हणून तिथे यादी सोपी. आग्वादमध्ये राजकीय आणि इतर कैदी यांची सरमिसळ आहे. खरं आहे. दुसरं उत्तर जास्त वजनदार: १९६१ नंतरचे कैदी चोरीमारी, अमली पदार्थ, खून अशा गुन्ह्यांतले. त्यांची नावं लावणार का? त्यांतले कितीतरी आज शिक्षा भोगून बाहेर आहेत, त्यांची मुलं शाळेत जातात. नाही, त्यांची नावं मुळीच लावू नयेत. इथे खाजगीपणाचा प्रश्न खरा आहे आणि उद्या तुम्ही या विषयावर काम करायला निघालात तर एथिक्स कमिटी पहिला प्रश्न हाच विचारेल. तिसरं उत्तर: पर्यटक तासाभरासाठी येतो, त्याला साधी गोष्ट हवी असते.

तिसऱ्या उत्तराशी मी सहमत नाही. पर्यटकाला २३ लाख ७६ हजार गॅलन पचतात तर कैद्यांचा आकडाही पचेल. पण पहिल्या दोन उत्तरांमुळे माझी मागणी बदलते. १९६१ आधीच्या राजबंद्यांची, जेवढी मिळतील तेवढी नावं हवीत, प्रत्येकाच्या कैदेच्या कालावधीसह. त्यानंतरच्या काळासाठी नावं नकोत, वर्षवार संख्या हवी. एका बराकीत किती जण राहायचे, पाणी कुठून यायचं, दिवस कसा जायचा, पावसाळ्यात समुद्राच्या कडेला असलेल्या त्या भिंतींचं काय व्हायचं, हे हवं. एवढं दाखवलं तर स्वातंत्र्यसैनिकांचा मान कमी होत नाही. उलट, स्वतंत्र झाल्यावर आपण त्याच कोठड्यांचं काय केलं, हा प्रश्न बघणाऱ्याच्या मनात येतो. तो यायला हवा.

यातून तुमच्या सिनॉप्सिससाठी काय

कुठल्याही मजकुराला, मग तो पेपर असो वा फलक, चार प्रश्न लावा. दावा काय आहे? आकड्याला एकक आहे का आणि तो ढोबळ हिशेबात बसतो का? नमुना कोणत्या निकषावर निवडला? सुरुवात आणि शेवट कुठे धरला, आणि तिथेच का? आग्वादवर हे चार प्रश्न लावल्यावर आपल्याला एक खराखुरा रिसर्च गॅप मिळाला: एका तुरुंगाचा, माणसं मोजून लिहिलेला इतिहास.

हे काम कुणीतरी लवकर करायला हवं. १९५५ मध्ये वीस वर्षांचा असलेला सत्याग्रही आज नव्वदीच्या घरात आहे. २०१५ पर्यंत आग्वादमध्ये नोकरी केलेले वॉर्डन मात्र अजून सहज बोलू शकतील, त्यांना कुणी विचारलं तर. कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत.

आणि गोव्याला जायलाच हवं असंही नाही. आपल्या सोलापुरात मे-जून १९३० मध्ये मार्शल लॉ होता. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्म्यांची नावं इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात, आणि असायलाच हवीत. पण त्या लष्करी कायद्याखाली शिक्षा झालेले इतरही बरेच होते. ते कोण, किती, कोणत्या गिरणीत आणि कोणत्या पेठेतले, कोणत्या तुरुंगात किती महिने राहिले? इतिहास विभागातल्या मित्राला बरोबर घ्या, एक्सेलची एक कोरी शीट उघडा आणि चार रकाने करा: नाव, शिक्षा, तुरुंग, कालावधी. पहिल्या दहा ओळी भरल्या की मला कळवा. कुठे अडकलात तेही लिहा, पुढच्या वेळी त्यावरच बोलू.